थोर माणूस मुलांना कसा सांगायचा? (सुर्वे मास्तरांच्या निमित्ताने)



ऑगस्ट महिना लागला की पहिल्याच दिवशी आपल्या परिपाठाच्या टेबलावर दोन फोटो येतात. एक लोकमान्य टिळकांचा आणि दुसरा अण्णा भाऊ साठे यांचा. तारीखही एक आणि सालही एकच, १ ऑगस्ट १९२०. त्या दिवशी मुंबईत सरदारगृहात टिळकांचं निधन झालं आणि त्याच दिवशी वाटेगावात अण्णा भाऊंचा जन्म झाला. टिळक पदवीधर, संस्कृतचे आणि गणिताचे गाढे अभ्यासक, 'केसरी'चे संपादक. अण्णा भाऊंच्या वाट्याला शाळा जवळजवळ आलीच नाही. ते वडिलांबरोबर मुंबईला आले, गिरणीत राबले आणि पुढे 'फकिरा'सारखी कादंबरी लिहून गेले. आपण दोघांना सारखाच हार घालतो आणि ते योग्यच आहे.

पण त्यानंतर मुलं जी भाषणं करतात ती आठवून पाहा. "यांचा जन्म अमुक साली झाला. यांच्या वडिलांचे नाव तमुक. यांचे शिक्षण अमुक ठिकाणी झाले. त्यांनी समाजासाठी खूप मोठे कार्य केले. अमुक साली त्यांची प्राणज्योत मालवली. एवढे बोलून मी माझे दोन शब्द संपवते, जय हिंद, जय महाराष्ट्र." नाव आणि साल बदललं की हेच भाषण कुणालाही लागू पडतं. मुलं पाठ करतात, टाळ्या मिळतात, बक्षीसही मिळतं. पण हा माणूस मोठा का, हे त्या भाषणात कुठेच नसतं.

आमच्या चौथीच्या वर्गात मी एकदा विचारलं, "मोठा माणूस कसा ओळखायचा?" उत्तरं पटापट आली. ज्याचा फोटो भिंतीवर असतो तो. ज्याच्या नावाचा रस्ता असतो तो. ज्याच्या नावाने सुट्टी मिळते तो. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मोठं व्हायला मरावं लागतं का? कारण हार घातलेले सगळे मेलेलेच असतात."

वर्ग हसला. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. थोरपणा, चारित्र्य आणि मृत्यू हे तिन्ही विषय तिने एका वाक्यात आणले होते. या प्रश्नाला नीट उत्तर द्यायचं तर एक खरं आयुष्य उलगडून दाखवावं लागतं. आपण परळ-लालबागच्या शाळांत शिकवत असू तर ते शोधायला लांब जायला नको. कवी नारायण सुर्वे आपल्याच भागातले, आणि आपल्याच पेशातले. ते प्राथमिक शाळेत शिक्षक होते.

सुर्वे मास्तरांची गोष्ट

मुलांना ही गोष्ट सांगताना मी ती अगदी साध्या शब्दांत सांगते.

साधारण शंभर वर्षांपूर्वी, १९२६ साली, गिरणगावात एका कापड गिरणीसमोर एक तान्हं बाळ रस्त्यावर ठेवलेलं सापडलं. आई कोण, वडील कोण, जात कोणती, कुणालाच माहीत नाही. गंगाराम सुर्वे नावाच्या गिरणी कामगाराने ते बाळ उचललं. गंगाराम इंडिया वूलन मिलमध्ये कामाला होते, त्यांची बायको काशीबाई कमला मिलमध्ये. दोघांनी त्या बाळाला घरी आणलं, त्याचं नाव नारायण ठेवलं आणि स्वतःचं नाव-आडनाव त्याला दिलं. पुढे त्याला शाळेतही घातलं.

नारायण चौथीपर्यंत शिकला. तो दहा वर्षांच्या आसपास असताना गंगाराम गिरणीतून निवृत्त झाले आणि कोकणातल्या आपल्या गावी निघून गेले. जाताना त्यांनी मुलाच्या हातावर दहा रुपये ठेवले. त्यानंतर तो मुलगा या शहरात एकटा राहिला. कुणाच्या घरी घरगडी, हॉटेलात पोऱ्या, कधी हमाल, कधी गिरणी कामगार, मिळेल ते काम त्याने केलं. कामगारांच्या चळवळीत तो ओढला गेला. तिथे त्याला वाचायची, ऐकायची, बोलायची गोडी लागली. मुंबई महापालिकेच्या शाळेत तो शिपाई म्हणून लागला. चौथीनंतर सुटलेला अभ्यास तिशीच्या आसपास पुन्हा हातात घेऊन त्याने सातवीची व्हर्नाक्युलर फायनल परीक्षा दिली आणि मग महापालिकेच्याच शाळेत तो मास्तर झाला.

१९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा त्यांचा पहिला कवितासंग्रह आला. त्यानंतर 'माझे विद्यापीठ' १९६६ मध्ये, 'जाहीरनामा' १९७५ मध्ये आणि 'नव्या माणसाचे आगमन' १९९५ मध्ये. संग्रह मोजकेच, पण त्यांनी मराठी कवितेत गिरणीचा भोंगा, चाळ, संप आणि फुटपाथ आणला. ही माणसं पूर्वी कवितेत आलीच तर लांबून पाहिलेली असत. इथे ती स्वतः बोलायला लागली. १९९५ साली परभणीला भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. १९९८ मध्ये पद्मश्री मिळाली. १६ ऑगस्ट २०१० रोजी त्यांचं निधन झालं.

इथपर्यंत गोष्ट सांगितली की मुलं खूश होतात. रस्त्यावरचं बाळ संमेलनाचं अध्यक्ष झालं, सिनेमासारखंच वाटतं. पण खरा पाठ इथून पुढे सुरू होतो, कारण याच जागी मुलांचे अडचणीचे प्रश्न येतात.

"मग बाबा सोडून का गेले?"

हा प्रश्न हमखास येतो. ज्याने एवढ्या मायेने उचललं, तोच दहा वर्षांच्या मुलाला सोडून गावी जातो? इथे दोन चुकीची उत्तरं देण्याचा मोह होतो. एक, गंगाराम वाईट होते. दुसरं, हा प्रसंगच गाळून टाकायचा म्हणजे गोष्ट गोड राहते. दोन्ही टाळावीत असं मला वाटतं.

मुलांना खरं सांगावं. तेव्हा गिरणीतलं काम संपलं की कामगाराच्या हाती फारसं काही उरत नसे. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा आपल्या देशात १९५२ साली आला. त्याआधी थकलेल्या कामगाराला गावच्या जमिनीच्या तुकड्याचाच काय तो आधार. मुंबईची खोली, मुंबईचं खाणं परवडेना की माणसं गावी परतत. आजही तुमच्या वर्गात अशी मुलं असतील ज्यांचे आजी-आजोबा असेच कोकणात किंवा घाटावर परत गेलेत. त्यांना हे लगेच समजतं.

म्हणजे चांगला माणूससुद्धा परिस्थितीपुढे हतबल होतो. त्याचा चांगुलपणा खोटा नसतो, पण तो अपुरा पडू शकतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे कळतं का? कळतं. कारण ती घरी रोज पाहतात. सहलीचे पैसे द्यायला वडील नाही म्हणतात तेव्हा त्यांचं प्रेम कमी झालेलं नसतं, हे त्यांना आपल्यापेक्षा लवकर उमगतं. ज्या मुलाला ते उमगलेलं नाही, त्याला गंगारामांच्या गोष्टीतून आपले वडील थोडे समजतात.

ज्यांचे फोटो भिंतीवर नाहीत

या गोष्टीत मोठं कोण? मुलं अर्थातच सुर्व्यांचं नाव घेतात. मग मी फळ्यावर तीन नावं लिहिते. गंगाराम, काशीबाई, कृष्णाबाई.

गंगारामांनी ते बाळ उचललं तेव्हा पाहायला कुणी नव्हतं. वर्तमानपत्रात बातमी येणार नव्हती. बाळाची जात माहीत नाही म्हणून लोक बोलणार, खाणारं तोंड वाढणार, हे मात्र नक्की होतं. त्या काळात त्या घराने हे केलं. आपण ज्याला चारित्र्य म्हणतो त्याची परीक्षा अशाच वेळी होते, जेव्हा कौतुक करायला कुणी नसतं आणि बाजूला होऊन चालायला लागलं तरी कुणी दोष देणार नसतं.

अरुण खोपकर यांनी सुर्व्यांवर चित्रपट केला, त्याचं नावच 'नारायण गंगाराम सुर्वे' आहे. आपल्याकडे मधलं नाव वडिलांचं. साचा चालवणाऱ्या एका कामगाराचं नाव त्याच्या मुलाच्या मधल्या नावात उरलं. वर्गात हे सांगितलं की मुलं एकदम आपापली पूर्ण नावं म्हणायला लागतात. रोज हजेरीत ऐकलेलं मधलं नाव त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा ऐकू येतं.

काशीबाईंबद्दल मी मुलांना एवढंच विचारते, "दिवसभर गिरणीत काम करून आलेल्या बाईला तान्हं बाळ सांभाळायला किती वेळ मिळत असेल?" मुली बरोबर उत्तर देतात. झोपेतून काढलेला वेळ.

कृष्णाबाई म्हणजे सुर्वे मास्तरांच्या पत्नी. त्यांनी आपलं आत्मकथन लिहिलं, 'मास्तरांची सावली'. नाव नीट वाचा. साहित्यिकाचं आयुष्य म्हणजे खिडकीत बसून समुद्राकडे बघत लिहिणं, असं मुलांना आणि पुष्कळ मोठ्यांनाही वाटतं. कामगार वस्तीतल्या खोलीत, पोराबाळांच्या गलक्यात, महिनाअखेरच्या ओढाताणीत लिहायचं तर कुणीतरी बाकी सगळं अंगावर घ्यावं लागतं. कवी सभेला जातो, मोर्चाला जातो, संमेलनाला जातो, तेव्हा घर कोण चालवतं? पुस्तकावर एकाचं नाव असतं, पण त्याची किंमत दोघांनी मोजलेली असते. कृष्णाबाईंनी स्वतः लेखणी हातात घेऊन ही दुसरी बाजू मांडली, म्हणून आज आपल्याला ती माहीत आहे. ज्यांनी लिहिलं नाही अशा किती असतील!

तेव्हा थोर माणूस शिकवताना त्याच्या मागच्या माणसांची नावं शोधायची सवय लावू या. सापडली नाहीत तर निदान "नाव माहीत नाही" असं तरी फळ्यावर लिहू या. रिकामी जागा दिसली की मुलं आपोआप विचार करतात.

गरिबीचं कौतुक नको

इथे एक सावधगिरी. अशा गोष्टी सांगून झाल्यावर आपल्या तोंडून सहज निघतं, "बघा, ते एवढ्या गरिबीत शिकले. तुम्हाला तर सगळं आयतं मिळतं, तरी अभ्यास नको!" पालकसभेतही हेच ऐकू येतं. हेतू चांगला असतो, पण गोष्टीची छडी होते.

शिवाय ते खरंही नाही. गरिबीने सुर्व्यांना मोठं केलं नाही. गरिबीने त्यांची शाळा चौथीनंतर तोडली आणि पुढची परीक्षा द्यायला पंचवीस-तीसाव्या वर्षापलीकडे थांबायला लावलं. हॉटेलात काम करणारा दहा वर्षांचा पोऱ्या आज दिसला तर तो कायद्याने गुन्हा आहे. २०१६ च्या दुरुस्तीनंतर १४ वर्षांखालच्या मुलाला कामाला ठेवता येत नाही. त्यांच्याबरोबर फुटपाथवर वाढलेली इतर मुलं कुठे गेली, त्यांच्यात किती कवी, किती मास्तर, किती डॉक्टर होते, हे कुणालाच कधी कळणार नाही.

त्यांना उभं केलं ते वेगळ्या गोष्टींनी. एका घराने दिलेली पहिली दहा वर्षं. चौथीपर्यंतची महापालिकेची शाळा. कामगारांची संघटना, जिथे आठवडाभर राबलेली माणसं संध्याकाळी पुस्तकावर, राजकारणावर बोलत. त्या काळी गिरणगावात शाहीर अमर शेख, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांचं लाल बावटा कलापथक होतं. कामगार रात्री कार्यक्रम ऐकायला जमत. म्हणजे शाळा सुटली तरी शिकणं सुटलं नाही, कारण आजूबाजूला शिकण्यासारखं काही चाललेलं होतं. आपल्या वस्तीत आज संध्याकाळी सातनंतर मुलांसाठी काय चालू असतं? हा प्रश्न शिक्षकांनी आणि पालकांनी मिळून स्वतःला विचारावा.

वडिलांच्या नावाचा रकाना

सुर्व्यांच्या एका कवितेत एक बाई आपल्या मुलाला घेऊन शाळेत येते. मास्तर नाव लिहून घेतात आणि बापाच्या नावापाशी अडतात. मुलाचा बाप कोण ते सांगण्यासारखी तिची परिस्थिती नाही. ती मास्तरांनाच म्हणते की तुमचंच नाव घाला. ती कविता इथे उतरवत नाही. आपण प्रत्येकाने ती पुस्तकातच मिळवून वाचावी, शिक्षकांनी तर नक्कीच. ज्याने लिहिली तो स्वतः सापडलेलं मूल होता आणि स्वतः शाळेतला मास्तरही होता. रकान्याच्या दोन्ही बाजूंना तो उभा राहिलेला होता.

जून महिन्यात आपल्यापुढे असे प्रसंग येतात. एकट्या आईचं मूल, आजीकडे राहणारं मूल, संस्थेतून आलेलं मूल. काही गोष्टी आपल्याला पक्क्या माहीत हव्यात. शिक्षण हक्क कायदा २००९, कलम १४, वयाचा दाखला नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही. महाराष्ट्र शासनाच्या निर्णयानुसार १ मे २०२४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांवर मुलाचं नाव, मग आईचं नाव, मग वडिलांचं नाव आणि आडनाव असा क्रम आहे. ही मुलं काही वर्षांत आपल्या पहिलीत येतील. तोवर आपली जीभ बदलायला हरकत नाही.

कायद्याच्या पलीकडे वर्गातल्या छोट्या गोष्टी असतात. 'माझे कुटुंब' या विषयावर चित्र काढायला सांगताना "आई-बाबांचं चित्र काढा" म्हणण्याऐवजी "तुमच्या घरी जे जे राहतात त्यांचं चित्र काढा" म्हणता येतं. "वडिलांना बोलावून आण" ऐवजी "घरच्या मोठ्यांना बोलावून आण" म्हणता येतं. आपल्याला दोन शब्दांचा फरक पडतो. त्या मुलाचा मात्र सगळा दिवस वाचतो. सबंध वर्गासमोर "वडिलांचं नाव सांग" म्हटल्यावर खाली घातलेली मान ज्याने पाहिली आहे त्याला अधिक सांगायला नको.

आणि कधी वाटलंच की एका मुलासाठी एवढं कशाला, तर गंगारामांना आठवावं. त्यांनीही एकाच मुलासाठी केलं होतं.

मरणाबद्दल मुलांशी बोलताना

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मोठं व्हायला मरावं लागतं का?

नाही. पण माणूस गेल्यावर त्याचं काम किती खरं होतं ते जास्त स्पष्ट दिसतं, एवढं नक्की. मराठीत याची उदाहरणं आहेत. केशवसुत हेही शिक्षकच होते. १९०५ साली हुबळीला प्लेगने ते गेले तेव्हा त्यांच्या कवितांचं एकही पुस्तक निघालेलं नव्हतं. ते पुस्तक हरि नारायण आपट्यांनी १९१७ मध्ये काढलं. बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्या १९५१ च्या डिसेंबरमध्ये गेल्या आणि १९५२ मध्ये त्यांची गाणी पुस्तकरूपाने आली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ त्यांच्या महापरिनिर्वाणानंतर १९५७ साली प्रसिद्ध झाला. आपल्या दादरच्या मुलांनी ६ डिसेंबर पाहिलेला असतो. लांबलांबून आलेली माणसं चैत्यभूमीवर रांगेत उभी राहतात आणि शिवाजी पार्कच्या स्टॉलवरून पुस्तकं घेऊन घरी जातात. एका माणसाच्या स्मृतिदिनाला एवढी पुस्तकं विकली जातात, हे मुलांना मुद्दाम दाखवावं. शोक असाही व्यक्त करता येतो.

पण इथे थांबून चालत नाही. वर्गात असं एखादं मूल असतं ज्याचे आजोबा नुकतेच गेलेले असतात. "थोर माणसं मरत नाहीत, ती कार्याने अमर होतात," हे वाक्य आपण फळ्यावर लिहितो तेव्हा ते मूल मनात काय म्हणत असेल? माझे आजोबा गिरणीत होते. त्यांनी पुस्तक लिहिलं नाही. त्यांचा फोटो फक्त आमच्या घरात आहे. म्हणजे ते संपले का?

या मुलाला आपल्याकडे उत्तर हवं. मी असं सांगते. गंगारामांनी गिरणीत जे काम केलं, ते कापड केव्हाच विरून गेलं. आज कमला मिलच्या जागेत ऑफिसं आणि हॉटेलं आहेत. काशीबाई जिथे उभं राहून काम करायच्या ती जागा शोधूनही सापडणार नाही. १९८२ च्या संपानंतर एकेक गिरणी बंद पडत गेली आणि आता कुठे कुठे नुसती चिमणी उभी दिसते. वस्तू जातात, इमारती जातात, माणसंही जातात. हे लपवू नये. पण गंगारामांनी एका मुलाला हात दिला, त्या मुलाने पुढे कितीतरी मुलांना शिकवलं, त्या मुलांनी आपल्या मुलांना. त्या शेवटच्या माणसाला गंगारामांचं नावही माहीत नसेल. तरी त्याच्यात त्यांचं काहीतरी आहे. तुझ्या आजोबांनी तुला सायकल शिकवली असेल, पोहायला शिकवलं असेल, उरलेलं अन्न टाकू नये असं सांगितलं असेल. ते तुझ्याजवळ आहे. तू जोपर्यंत तसं वागतोस तोपर्यंत आहे.

"देवाघरी गेले", "तारा झाले" एवढं सांगून विषय बंद करू नका, ही माझी पालकांना विनंती. मुलं लहान असतात, पण मूर्ख नसतात. मेलेला माणूस परत येत नाही हे त्यांना ठाऊक असतं. त्याच्याबद्दल बोलायची परवानगी तेवढी त्यांना हवी असते.

चरित्र आणि चारित्र्य

भाषेच्या तासाला हे दोन शब्द शेजारी शेजारी लिहावेत. चरित्र म्हणजे माणसाच्या आयुष्याची हकिकत. चारित्र्य म्हणजे त्याचं वागणं, त्याची नीती. दोन्हींचं मूळ 'चर्' म्हणजे चालणं. माणूस कुठून कुठे चालत गेला ते चरित्रात येतं, आणि कसा चालला ते चारित्र्यात. आपल्या भाषण स्पर्धेत चरित्र असतं, चारित्र्य राहून जातं.

सुर्वे कुठून कुठे गेले? फुटपाथवरून संमेलनाच्या व्यासपीठावर. हे झालं चरित्र. कसे गेले? वर चढल्यावरही त्यांच्या कवितेत माणसं तीच राहिली, चाळीतली, कारखान्यातली, रस्त्यावरची. ज्या वस्तीने आपल्याला उचललं तिच्याबद्दल लाज वाटून त्यांनी आडनाव झाकलं नाही की जन्माची गोष्ट लपवली नाही. हे झालं चारित्र्य.

वर्गात करून पाहण्यासारखं (इयत्ता ४ थी ते ७ वी)

१. मधल्या नावाची गोष्ट : प्रत्येक मुलाने आपल्या घरातल्या एका मोठ्या माणसाबद्दल पाच वाक्यं लिहावीत. वडीलच हवेत असं नाही. जन्मसाल, शिक्षण, नोकरी यातलं एकही वाक्य नको. त्या माणसाने कुणालाही न सांगता केलेलं एक चांगलं काम मात्र हवं. त्यासाठी घरी विचारावं लागतं, आणि तोच खरा अभ्यास.

२. रिकामी चौकट : वर्गाच्या भिंतीवर थोर माणसांच्या फोटोंशेजारी एक रिकामी चौकट लावा. दर सोमवारी मुलांनी ठरवून तिच्यात एक नाव लिहायचं. शाळेतल्या सफाईच्या मावशी, पोषण आहार वाढणाऱ्या ताई, रस्ता ओलांडून देणारे वॉचमन काका, वर्गातलं एखादं मूल. कारण सांगितल्याशिवाय नाव लिहायचं नाही. जिवंत माणसाचंच नाव लिहायचं.

३. परिसर अभ्यास : लालबाग ते परळ चालत जाऊन जुन्या गिरण्यांच्या खुणा शोधा. चिमण्या मोजा. आता तिथे काय आहे ते वहीत लिहा. वस्तीतल्या एखाद्या निवृत्त गिरणी कामगाराला वर्गात बोलवा आणि बोलू द्या. ते भोंग्याबद्दल सांगायला लागले की वेळेचं भान राहत नाही, म्हणून शेवटचा तास ठेवा.

४. चर्चेचे प्रश्न : गंगारामांनी बाळ उचललं नसतं तर त्यांना कुणी वाईट म्हटलं असतं का? मग ते का वाकले? सुर्वे कवी झाले नसते, साधे शिपाईच राहिले असते, तर गंगारामांचं काम कमी मोलाचं ठरलं असतं का?

शेवटचा प्रश्न मुलांना नीट विचार करू द्या. उत्तर लगेच सांगू नका. बहुतेक मुलं थोड्या वेळाने स्वतःच म्हणतात, "नाही बाई, बाळ तर वाचलंच असतं ना."

पालकांसाठी

आपलं मूल मोठं व्हावं असं प्रत्येकाला वाटतं. पण 'मोठं' म्हणजे काय, हे मूल आपल्या बोलण्यातून शिकतं. जेवताना आपण कुणाचं कौतुक करतो? ज्याने टॉवरमध्ये फ्लॅट घेतला त्याचं, की जो शेजारच्या आजारी आजींना रोज डबा देतो त्याचं? दोघांचंही करावं. फक्त दुसरा राहून जात नाही ना, तेवढं पाहावं. आणि रात्री पंधरा मिनिटं घरात मोबाइल बाजूला ठेवून कुणीतरी काहीतरी मोठ्याने वाचावं. महागडी पुस्तकं हवीत असं नाही, शाळेच्या ग्रंथालयातलं चालेल.

नोंदीनुसार सुर्वे मास्तरांची जन्मतारीख १५ ऑक्टोबर १९२६. हाच दिवस डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस म्हणून आपण 'वाचन प्रेरणा दिन' पाळतो. १५ ऑक्टोबर २०२६ ला सुर्व्यांच्या जन्माला शंभर वर्षं पूर्ण होतात. त्या दिवशी कलामसाहेबांच्या पुस्तकाबरोबर सुर्व्यांचा एक संग्रहही कपाटातून बाहेर काढू या. भाषण नको. मुलांना गोलात बसवा आणि एक कविता सावकाश, दोनदा वाचा. शिपाईमामांनाही आत बोलवा. त्यांना खुर्ची द्या.

आपली,
एक प्राथमिक शिक्षिका, परळ